स्पोर्टी सेडान कोयनेच्या रस्त्याला चालेल का? वीस लाख घालण्याआधी दोन्ही बाजू समजून घ्या

कोयनानगर : पाटण तालुक्यातल्या बऱ्याच घरांचा एक पाय गावात, तर दुसरा मुंबई-पुण्यात असतो. पोरगं नोकरीला लागलं, धंदा जरा स्थिरावला की घरात चारचाकीचा विषय निघतोच. काही वर्षांपूर्वी हा विषय छोटी हॅचबॅक नाहीतर बोलेरो इथंच संपायचा. आता तरुण पोरांच्या मोबाईलवर फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया आणि ह्युंदाई व्हर्ना टर्बो या गाड्यांचे व्हिडिओ फिरत असतात. लांबलचक बॉडी, दीडशे घोड्यांचं इंजिन, भलीमोठी डिकी. घरातली वडीलधारी माणसं मात्र एकच प्रश्न विचारतात, "गाडी झकास हाय, पण आपल्या रस्त्याला चालंल का?"

प्रश्न साधा असला तरी उत्तर एका शब्दात देता येत नाही. हीच गाडी उंब्रजपासून पुण्यापर्यंत सुख देते आणि नवजाच्या रस्त्याला किंवा डोंगरातल्या वाडीवर घाम फोडते. म्हणून गाडी चांगली की वाईट यापेक्षा आपले किलोमीटर कुठे पडणार आहेत, हे आधी मोजायला हवं. त्यासाठी या गाडीच्या जमेच्या आणि तोट्याच्या बाजू एकेक करून पाहू.

'मोठी सेडान' म्हणजे नक्की कोणती?

अमेरिकेत 'फुल साइज सेडान' म्हटलं की पाच मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब गाडी समजली जाते. आपल्याकडे त्या मापाच्या जवळ जाणारी टोयोटा कॅमरी ४.९२ मीटरची आहे आणि तिची किंमत पन्नास लाखांच्या घरात जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने २६५ पीएसची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. तीही फक्त १०० गाड्यांपुरती आणि पन्नास लाखांच्या उंबरठ्यावर. त्यामुळे या गाड्यांची चर्चा गावच्या पारावर करण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांसाठी 'मोठी आणि स्पोर्टी' सेडान म्हणजे साडेचार मीटरचा वर्ग. व्हर्टस ४,५६१ मिलीमीटर, स्लाव्हिया ४,५४१ आणि व्हर्ना ४,५३५ मिलीमीटर लांब आहे. होंडा सिटीही याच मापाची, पण तिचा स्वभाव शांत. पहिल्या दोन गाड्या पुणे जिल्ह्यातल्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात. दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात व्हर्टस आणि स्लाव्हिया १५० पीएस ताकद देतात, व्हर्ना १६०. सिटीचं साधं दीड लिटर इंजिन १२१ पीएसचं आहे.

या वर्गात आता डिझेल उरलेलं नाही, हेही लक्षात ठेवावं. व्हर्ना आणि सिटीच्या डिझेल गाड्या २०२३ मध्ये बंद झाल्या, मारुती सियाझचं तर उत्पादनच २०२५ मध्ये थांबलं. म्हणजे सेडान घ्यायची तर पेट्रोल किंवा हायब्रिड, हे गृहीत धरूनच हिशेब करायचा.

जमेची बाजू : चौपदरी रस्ता आणि लांबचा प्रवास

मुंबईहून कोयनानगर म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला. त्यातला बहुतेक रस्ता एक्स्प्रेसवे आणि पुणे-बेंगळुरू महामार्गाचा. उंब्रजला आत वळून मल्हारपेठमार्गे पाटण गाठलं की पुढे दुपदरी रस्ता. या प्रवासाचा मोठा भाग सेडानच्या आवडीचा आहे.

सेडान बुटकी असते, तिचं वजन जमिनीला धरून असतं. त्यामुळे वेगात लेन बदलताना किंवा वळण घेताना गाडी एका अंगाला कमी झुकते. उंच गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला घाटात जी मळमळ होते, तिचं एक मोठं कारण म्हणजे ही डुलकी. सेडानमध्ये ती कमी असते. शिवाय बुटक्या गाडीला वारा कमी अडवतो, म्हणून महामार्गावर एकसारख्या वेगात त्याच ताकदीच्या एसयूव्हीपेक्षा सेडानचं अ‍ॅव्हरेज सहसा बरं पडतं. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या दीड लिटर इंजिनात तर जोर नको असेल तेव्हा चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद राहतात. सपाट रस्त्यावर याचा फायदा दिसतो, चढाला तो मिळत नाही.

डिकी ही दुसरी जमेची बाजू. व्हर्टस-स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर, व्हर्नाची ५२८, सिटीची ५०६ लिटर. तुलनेला ह्युंदाई क्रेटा घेतली तर तिची ४३३ लिटर. गणपतीला किंवा जत्रेला गावी येताना चार जणांच्या बॅगा, फळांच्या करंड्या आणि जाताना तांदळाचं पोतं, हे सगळं सेडानच्या डिकीत बसतं आणि बंद झाकणाखाली राहतं. सामान प्रवाशांच्या डोक्यामागे रचून ठेवावं लागत नाही, ही सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. मात्र डिकीचं तोंड लहान असतं. उंच खोकं, फ्रिज किंवा शेतीच्या औजाराचा सुटा भाग न्यायचा असेल तर सेडान हात टेकते. सिटीचं हायब्रिड मॉडेल घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बॅटरीसाठी जागा गेल्यामुळे ते मॉडेल बाजारात आलं तेव्हा त्याची डिकी ३०६ लिटरचीच होती.

ताकद हवी कशाला? ओव्हरटेकचं गणित

एक्स्प्रेसवेवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. मग दीडशे घोडे कशाला हवेत, असं घरातलं कुणीतरी विचारणारच. त्याचं खरं उत्तर कराड-पाटण-कोयनानगर रस्त्यावर मिळतं.

हा रस्ता म्हणजे गुहागर-चिपळूण-कराड-विजयपूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक १६६ ई. कोकणात उतरणारे ट्रक, टँकर, एसटी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळे याच रस्त्याला. समजा, पुढे १२ मीटर लांबीचा ट्रक ताशी ४० किलोमीटरने चाललाय. मागचं-पुढचं अंतर धरून त्याला ओलांडायला मोटारीला ट्रकपेक्षा साधारण ४६ मीटर जास्त जावं लागतं.

- मोटार ताशी ६० ने गेली तर याला सव्वाआठ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती स्वतः १३८ मीटर पुढे जाते आणि समोरून ६० ने येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. म्हणजे पुढचा पावणेतीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा.
- मोटारीला पटकन ८० चा वेग गाठता आला तर हेच काम चार सेकंदांच्या थोडं वर होतं. तेव्हा मोकळा रस्ता १६० मीटरच्या आसपास लागतो.

चुकीच्या बाजूला राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. टर्बो इंजिनाचा खरा उपयोग हा. व्हर्टसचं इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क १,६०० आरपीएमपासूनच देतं, व्हर्नाचं २५३. होंडा सिटीच्या साध्या इंजिनाचा टॉर्क १४५ आणि तोही ४,३०० आरपीएमला. त्यामुळे पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चढाला लागल्यावर सिटीत गिअर खाली घेऊन इंजिन ओरडवावं लागतं, टर्बो गाडी फारशी कुरकुर न करता ओढते.

पण याच गणिताची दुसरी बाजूही आहे. कुंभार्ली घाटातल्या वळणांवर, त्यातही पावसाळी धुक्यात, १६० मीटर रस्ता कुठेच मोकळा दिसत नाही. तिथे दीडशे काय, अडीचशे घोडे असले तरी ओव्हरटेक म्हणजे जीवाशी खेळच. पाटण ते कराडच्या सरळ पट्ट्यात ताकद उपयोगी पडते. घाटात तीच ताकद नव्या चालकाला फाजील आत्मविश्वास देते. घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं पोरगं असेल, तर हा मुद्दा गाडीच्या रंगाआधी बोलायला हवा.

सुरक्षितता : पाच स्टार, पण त्याचा अर्थ काय?

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत व्हर्टस आणि स्लाव्हियाला एप्रिल २०२३ मध्ये पाच स्टार मिळाले. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२ गुण. व्हर्नालाही ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच स्टार मिळाले, गुण ३४ पैकी २८.१८ आणि ४९ पैकी ४२. या गाड्यांत सहा एअरबॅग आणि गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा येते. पावसाळ्यात महिनोन् महिने ओल्या राहणाऱ्या घाटरस्त्यावर ईएससी ही चैन नाही, गरज आहे. वळणावर मागचं चाक सटकायला लागलं की ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक वेगळा लावून गाडी सरळ ठेवायला बघते.

समोरासमोर धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाला होते आणि पट्टे बांधलेल्या पुतळ्यांवर होते. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या आजीला पाच स्टारचा उपयोग शून्य. मागच्या सीटचा पट्टाही कायद्याने सक्तीचा आहे, पण गावाकडे गाडीत बसताना तो सीटखाली दाबून टाकायची सवय अजून गेलेली नाही.

तोट्याची बाजू : पोट घासतं

आता खरा दुखरा मुद्दा. व्हर्टस आणि स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीच्या आकड्यानुसार १७९ मिलीमीटर, सिटीचा १६५. क्रेटाचा १९०. आकड्यांत फरक एक ते अडीच सेंटिमीटरचा दिसतो. बोलेरोचाही १८० च्या आसपासच सांगितला जातो. मग बोलेरो वाडीवर जाते आणि सेडान का अडते?

कारण आकडा रिकाम्या गाडीचा असतो आणि तो फक्त सर्वांत खालच्या भागाचा असतो. बोलेरोचा खालचा भाग म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा. बाकीचं पोट बरंच वर असतं आणि गोळा दगड चुकवून काढता येतो. सेडानचं संपूर्ण पोट त्याच पातळीला सपाट असतं. शिवाय पुढचा बंपर चाकाच्या पुढे लांब आलेला. त्यामुळे चढण सुरू होते तिथे आधी बंपर टेकतो आणि उंचवट्यावर मधलं पोट. त्यात पाच माणसं आणि सामान भरलं की स्प्रिंग दबून गाडी आणखी काही सेंटिमीटर खाली बसते.

गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर कोणतीही सेडान सहज जाते. पण गावोगावी हाताने घातलेले गतिरोधक आखूड आणि उभे असतात. तिथे सेडान तिरकी घालून एकेक चाक चढवावं लागतं, नाहीतर प्रवाशांना उतरवावं लागतं.

टायरचा हिशेबही बघण्यासारखा आहे. या स्पोर्टी सेडानला २०५/५५ आर १६ मापाचे टायर येतात. याचा अर्थ टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिलीमीटर. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरची भिंत १६१ मिलीमीटर. खड्ड्यात आदळल्यावर धक्का खायला सेडानच्या टायरकडे जवळपास पाच सेंटिमीटर कमी रबर आहे. म्हणून अलॉय वाकणं, टायरच्या बाजूला फुगा येणं हे प्रकार याच गाड्यांत जास्त दिसतात. बाजूला फुगा आलेला टायर पंक्चर काढून चालत नाही, बदलावाच लागतो. तो आकार पाटण-हेळवाकच्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही. म्हणून गाडी घेताना स्टेपनी कोणत्या मापाची आहे, हे विचारून घ्यावं.

कोयनेचा पाऊस वेगळा

कोयनानगरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नवजा तर त्याहून पुढे. धरणात १०५.२५ टीएमसी पाणी साठतं ते याच पावसावर. शोरूममध्ये गाडीची माहिती देणारा माणूस हा पाऊस डोळ्यापुढे ठेवून बोलत नसतो.

साकवावरून किंवा ओढ्यावरून पाणी वाहत असताना सेडानचं इंजिन हवा ओढतं ते तोंड उंच गाडीपेक्षा खाली असतं. तिथून पाणी आत गेलं तर इंजिनाचे रॉड वाकतात आणि खर्च लाखांत जातो. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कलम घ्यावं लागतं. पाणी चाकाच्या निम्म्यावर असेल तर सेडान घालूच नये. पाणी गेल्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून चालू करायचा प्रयत्नही करू नये.

सनरूफची हौस असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. सनरूफच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या गाडीत त्या पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी थेट छतातून आत उतरतं. मे महिन्यात त्या साफ करून घेतल्या तर जून निभावतो.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर खोल हवी. इथल्या पावसात तेवढ्यावर थांबणं धोक्याचं. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, त्यामुळे नक्षी अर्धी झिजली की पावसाळ्याआधीच टायर बदललेले बरे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, ते तालुका विसरलेला नाही. त्या दिवसांत अनेक गावांचे रस्ते तुटले होते. चिखल-मातीच्या कच्च्या वळणरस्त्यावरून आजारी माणसाला पाटण-कराडला न्यायची वेळ आली तर सेडान कामाला येत नाही. घरात एकच गाडी असणार असेल आणि घर मुख्य रस्त्यापासून आत असेल, तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

गिअर कोणता घ्यावा?

व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या दीड लिटर इंजिनाला सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक येतो. व्हर्नाच्या टर्बोलाही सात गिअरचा दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर हे गिअर लोण्यासारखे पडतात. घाटात ट्रकच्या मागे इंच इंच सरकताना मात्र या गिअरबॉक्समधले क्लच घासून तापतात. त्यावर उपाय सोपा आहे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, थोडी जागा झाली की एकदाच पुढे जायचं, आणि चढाला ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून न धरता ब्रेक लावून उभं राहायचं.

उतरताना तर नियम सगळ्या गाड्यांना सारखाच. कुंभार्लीतून चिपळूणकडे उतरताना ऑटोमॅटिक गाडी 'डी'वर सोडून सतत ब्रेक दाबत राहिलं तर ब्रेक तापून पकड सोडतात. मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलवर उतरणारे आजही दिसतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरतानाच इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते खर्च होतं.

आजी-आजोबांचे गुडघे

ही बाब कोणत्याही जाहिरातीत येत नाही. सेडानची सीट खाली असते. आत बसताना वाकून, अंग सोडून बसावं लागतं आणि उतरताना गुडघ्यावर जोर देऊन उठावं लागतं. साठीच्या पुढच्या, भातशेतीत आयुष्य घातलेल्या माणसाला हे रोज जमत नाही. क्रेटासारख्या गाडीची सीट साधारण खुर्चीच्या उंचीला येते, तिथे माणूस सरळ सरकून बसतो. दुसरं म्हणजे व्हर्टस-स्लाव्हियाच्या मागच्या सीटपुढे मधोमध उंचवटा आहे. तिथे पाचव्या माणसाला पाय फाकवून बसावं लागतं. चार जणांसाठी गाडी उत्तम, पाचवा माणूस लांबच्या प्रवासात अवघडतो.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला पोरांनी एकट्याने जाऊ नये. आई-वडिलांना सोबत न्यावं आणि मागच्या सीटवर तीनदा बसवून-उतरवून बघावं.

खर्चाचा ताळा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना १८ टक्के, मोठ्या गाड्यांना ४० टक्के. या सेडानवर आधी जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के लागायचे, म्हणजे इथे पाच टक्क्यांचा दिलासा मिळाला. छोट्या गाडीशी असलेला कराचा फरक मात्र अजून मोठा आहे.

टर्बो सेडान साधारण पंधरा ते वीस लाखांच्या पट्ट्यात येते. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रस्ता कर आहे. सतरा लाखांच्या गाडीवर तो दोन लाखांच्या वर जातो, विमा वेगळा. समजा, बारा लाख कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,३०० रुपये बसतो आणि सात वर्षांत सव्वाचार लाखांच्या आसपास नुसतं व्याज जातं. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला १३ चं अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर इंधनाचे आठ हजार. म्हणजे सर्व्हिसिंग आणि टायर सोडून महिना सत्तावीस हजार. एवढे पैसे दर महिन्याला सुटे राहतात का, हा प्रश्न गाडी बघायला जाण्याआधी घरात बसून सोडवायला हवा.

सर्व्हिसचं अंतरही पैशातच मोजावं. कोयनानगरहून कराड साधारण ५५ ते ६० किलोमीटर. किरकोळ कामालाही कंपनीच्या वर्कशॉपला जायचं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो. गावचा मिस्त्री बोलेरो डोळे झाकून खोलतो, पण टर्बो आणि डीएसजीसाठी कंपनीचं मशीन लागतं.

जुनी मोठी सेडान स्वस्तात मिळते, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. दहा वर्षांची ऑक्टाव्हिया किंवा सुपर्ब नव्या छोट्या गाडीच्या भावात दारात उभी राहते. पण गाडीची किंमत कमी झाली तरी पार्टची किंमत मोठ्या गाडीचीच राहते. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुनी घ्यायचीच तर कंपनीच्या वर्कशॉपची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी बघून आणि गिअरबॉक्स तपासूनच घ्यावी.

मग घ्यावी कुणी?

- जिची वर्षातली बहुतेक धाव मुंबई-पुणे-कोल्हापूर महामार्गावर, जी गावी चार-सहा वेळाच येते आणि जिचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे, अशी गाडी सेडान असायला हरकत नाही. तेवढ्याच पैशात प्रवासाचा जास्त आराम आणि ताकद मिळते.
- घरात आधीच जीप किंवा बोलेरो आहे, दुसरी गाडी लांबच्या प्रवासाला हवी आहे, तरीही सेडान शोभते.
- घरात एकच गाडी असणार, ती कोयनानगर, नवजा, हेळवाक किंवा डोंगरातल्या वाडीवर रोज फिरणार, घरात गुडघ्याचं दुखणं असलेली माणसं आहेत, तर स्पोर्टी सेडान टाळावी. कमी ताकदीची पण उंच गाडी तिथे जास्त उपयोगी.
- हप्ता भरताना शेतीच्या उत्पन्नाकडे बघावं लागणार असेल, तर चार मीटरच्या आतली गाडी घ्यावी. करातच मोठा फरक पडतो.

पैसे भरण्याआधी

टेस्ट ड्राइव्हची गाडी शक्य असेल तर आपल्या घराच्या चढणीपर्यंत आणायचा आग्रह धरावा. ते जमलं नाही तर तसाच उभा चढ आणि गतिरोधक शहरात शोधून पाच माणसं बसवून गाडी त्यावर घालावी. टायरचं माप, स्टेपनीचं माप, जवळचं वर्कशॉप, वाढीव वॉरंटी आणि विम्यातलं इंजिनाचं कलम हे सगळं कागदावर लिहून घ्यावं. रिकामी गाडी, सपाट रस्ता आणि सोबत सेल्समन असेल तर कोणतीही गाडी छानच चालते. पाच माणसं भरून आपल्या गतिरोधकावरून ती घासल्याशिवाय गेली, तर मग पुढचं बोलणं करावं.